सहा मेगापिक्सलची द्वारकाबाई

मार्तंडराव आष्टीकरांचा कॅमेरा सहा मेगापिक्सलचा होता, आणि बरीच वर्षं त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती, कारण मेगापिक्सल म्हणजे काय हे जालन्यातल्या त्यांच्या गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मग मोबाईलला कॅमेरे आले, मोबाईलच्या खोक्यांवर आकडे छापून येऊ लागले, आणि कालपर्यंत 'फोटो बरा आला' किंवा 'डोळे मिटले' एवढंच बोलणारी माणसं 'किती मेगापिक्सल?' असं विचारू लागली. आकडा कळला की माणसाला गोष्टच कळल्यासारखी वाटते. ब्लडप्रेशरचंही तसंच झालेलं आहे.

मार्तंडराव एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत होते. लोकांच्या रजा, वेतनवाढी आणि कारणे दाखवा नोटिसा यांत त्यांचा दिवस जाई. उरलेला जीव त्यांनी फोटोग्राफीला वाहिलेला होता. गल्लीतलं एकही बारसं, मुंज किंवा सेवानिवृत्ती त्यांच्याशिवाय पार पडलेली नव्हती, आणि हे सगळं फुकट. फुकट फोटो काढणारा माणूस म्हणजे गल्लीतला सार्वजनिक नळ. रांग सगळ्यांची, आणि पाणी गढूळ आलं की जाब नळाला.

गढूळ पाणी आलं ते रामरावांच्या बॅनरला.

रामराव मूळचे कुंभार पिंपळगावचे मोठे शेतकरी. शेती तिकडे, बंगला जालन्यात आणि मन राजकारणात, अशी त्यांची तिहेरी वस्ती होती. उन्हाळ्यात त्यांच्या घरच्या लग्नात मार्तंडरावांनी फोटो काढले होते. त्यातला फेट्यातला एक फोटो रामरावांना फार आवडला होता, आणि वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी तोच मोठा करून चौकात लावला. बॅनर पाहायला मार्तंडराव मोठ्या हौसेनं गेले आणि जागीच थबकले. रामरावांच्या गालांचे चौकोन झालेले होते. नाकाला पायऱ्या पडल्या होत्या. डोळे होते, पण ते कुठून सुरू होतात हे सांगता येत नव्हतं. कपाळावर मात्र पांढराशुभ्र तेजाचा एक पट्टा होता. आणि खालच्या रांगेत जे शुभेच्छुक होते, त्यांचे पासपोर्ट साईजचे चेहरे मिशीच्या केसासकट खणखणीत आले होते. शुभेच्छा स्पष्ट आणि ज्याला द्यायच्या तो अस्पष्ट, असा प्रकार.

दुसऱ्या दिवशी रामराव स्वतः घरी आले. चहा घेतला, पावसाचं बोलले, आणि मग मुद्द्यावर आले.

"आष्टीकर साहेब, मी काय तुम्हाला दोष देऊन न्हाई राह्यलो. पण परतूरच्या सोयऱ्यानं बॅनर पाहून फोन केल्ता. म्हणे, रामराव, तब्येत बराबर हाये ना?" मग त्यांनी आवाज खाली आणला, जसा आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलताना आणतात. "कॅमेरा बदला आता. म्हातारा झाला तो."

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. कोणी म्हणालं, दहा मेगापिक्सल तरी हवेतच. कोणी म्हणालं, दहा कशाला, घ्यायचे तर अठराच घ्या, पुन्हा पुन्हा कोण खर्चा करतो. दूध घालणाऱ्या वसंतानंसुद्धा माप ओतता ओतता सांगितलं की त्याच्या साडूच्या मोबाईलमध्येच पाच आहेत, म्हणजे साहेबांकडे एकच काय तो जास्त. हे ऐकून मार्तंडरावांना फार लागलं. मोठ्या लेन्सचा, आरशाचा, पट्टा गळ्यात घालून मिरवायचा कॅमेरा, आणि तो वसंताच्या साडूच्या मोबाईलपुढे जेमतेम एकानं सरस.

सगळ्यात मोठे सल्लागार म्हणजे शेजारचे केशवराव पाठक. बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ते लोकांचे कर्जाचे अर्ज परत पाठवत. निवृत्तीनंतर ते मतं पाठवू लागले होते, आणि ती मात्र परत घेत नसत. त्यांच्या जावयानं त्यांना नुकताच पंधरा मेगापिक्सलचा नवा कॅमेरा आणून दिला होता. रविवारी त्यांनी मार्तंडरावांना बोलावलं आणि अंगणातल्या जास्वंदीचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढून समोरासमोर फैसला करायचं ठरवलं. मार्तंडरावांची जास्वंद संगणकावर झटकन उघडली. केशवरावांची उघडायला सांगितल्यावर संगणक विचारात पडला. चहा आला, पिऊन झाला. मग केशवरावांचा फोटो वरून खाली, नाटकाच्या पडद्यासारखा हळूहळू उतरला. जास्वंद धूसर होती, पण तिच्या मागचा मोरीचा पाईप असा काही स्पष्ट आला होता की गंजाचा कण न् कण मोजून घ्यावा.

"फुलाचं सोडा," केशवराव म्हणाले, "पाईप पहा."

आणि खरं सांगायचं तर मार्तंडरावांनी पाईपच पाहिला. दोन दिवस तो पाईप त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. कचेरीत एका शिपायाच्या अर्जित रजेचा हिशोब करताना त्यांच्या मनात आलं की असा कॅमेरा हाती आला तर आपण काय काय काढू. माणूस मोहात पडतो तो अशा वेळी, आणि पाईपसारख्या वस्तूनंही पडतो.

त्यांची बायको अरुंधतीबाई शाळेत गणित शिकवत. नवरा जे काही घ्यायचं म्हणेल त्याला आधी नकार द्यायचा, अशी त्यांची रीत नव्हती. उलट त्याच म्हणाल्या, चला, औरंगाबादला जाऊन पाहून तरी येऊ. म्हणजे चहाबरोबर रोज हाच विषय चावायला नको. दुकानात गेल्यावर विक्रेत्यानं अठरा मेगापिक्सलचा कॅमेरा काढला, अरुंधतीबाईंचाच फोटो टिपला, आणि मोठ्या पडद्यावर तो वाढवत वाढवत नेला. आधी चेहरा, मग गाल, मग गालाचा एक तुकडा. शेवटी पडद्यावर उन्हाळ्यातली नांगरट केलेली जमीन दिसावी तसं काहीतरी दिसू लागलं, आणि ही आपल्या पत्नीची त्वचा आहे हे मार्तंडरावांना विक्रेत्याकडून कळलं. अरुंधतीबाई त्याला शांतपणे म्हणाल्या की इतक्या जवळून मला आजवर डोळ्यांच्या डॉक्टरांनीसुद्धा पाहिलेलं नाही, आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी एवढंच सांगितलं की घ्यायचा तर अवश्य घ्या, पण कशासाठी घेता ते एका वाक्यात सांगा. आणि 'रामराव म्हणतात' हे वाक्य धरणार नाही, 'केशवरावांकडे आहे' हेही नाही. मार्तंडराव बदनापूरपासून वाक्य जुळवू लागले. जालन्याचं स्टँड आलं तरी त्यांच्याकडे दोन्ही बाद वाक्यांखेरीज तिसरं तयार नव्हतं.

स्टँडवरून घरी जाताना रिक्षा चौकातून गेली. बॅनर अजून होता. वाढदिवस होऊन गेला तरी आपल्याकडे शुभेच्छा आपोआप उतरत नाहीत. सिग्नलला रिक्षा थांबली आणि मार्तंडराव पुन्हा एकदा त्या चौकोनी गालांकडे पाहत बसले. पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं की बॅनरच्या डाव्या कोपऱ्यात, 'युवा नेतृत्व' या शब्दांच्या शेजारी, एक गुलाबी नक्षी आहे. आजवर सगळ्यांनी ती कमळाची पाकळी समजून सोडून दिली होती. नक्षीला नख होतं.

तो अंगठा होता. कोणीतरी अल्बम हातात धरला होता आणि अल्बममधल्या फोटोचा मोबाईलनं फोटो काढला होता. रामरावांच्या कपाळावरचं तेज म्हणजे अल्बमच्या प्लॅस्टिकवर पडलेला ट्यूबलाईटचा उजेड.

मार्तंडराव तिथेच रिक्षातून उतरले आणि बॅनर छापणाऱ्या संपतच्या दुकानात गेले. संपतनं काही लपवलं नाही. रामरावांच्या पुतण्यानं अल्बमचा फोटो मोबाईलवर घेतला, ब्लूटूथनं इथे पाठवला आणि जल्दी करा म्हणाला; आपण मूळ फोटो मागितला होता, पण वाढदिवस उद्यावर आला होता. म्हणजे कॅमेरा निर्दोष होता. मार्तंडरावांनी घरी जाऊन मूळ फोटोची सीडी बनवली आणि ती घेऊन ते रामरावांच्या बंगल्यावर गेले. अंगठा, अल्बम, ट्यूबलाईट सगळं क्रमानं मांडलं, कचेरीत एखादं प्रकरण सादर करतात तसं.

रामरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, पुतण्याचा मोबाईल नवा हाये. तुमचा कॅमेरा जुना हाये. मंग चूक कोणाची असंल, तुम्हीच सांगा."

या युक्तिवादावर सेवानियमांत उत्तर नव्हतं. मार्तंडराव सीडी घेऊन परत फिरले. चिडलेला माणूस दार आपटतो. पण सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढलेला माणूस चिडला की त्याला प्रस्ताव सुचतो. गल्लीच्या कोपऱ्याशी येईस्तोवर त्यांचा प्रस्ताव तयार झाला होता. रामरावांच्या बॅनरपेक्षा मोठा बॅनर करायचा, त्याच चौकात लावायचा, आणि तो या सहा मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यातल्या फोटोचा. शब्द एकही नाही. नुसता फोटो. ज्याला बोलायचं असेल त्यानं त्याच्याकडे पाहून बोलावं.

आता चेहरा कोणाचा, हा प्रश्न आला. स्वतःचा लावणं बरं दिसलं नसतं. अरुंधतीबाईंनी औरंगाबादनंतर तो विषयच बंद केलेला. केशवराव मात्र विचारायच्या आतच तयार होते. त्यांनी कोट इस्त्रीलाही टाकला. अखेर मार्तंडरावांना गेल्या हिवाळ्यातला एक फोटो आठवला. कचेरीतले त्यांचे सहकारी कारभारी हे भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. त्यांच्याकडे हुरड्याला गेले असताना कारभारींच्या आई, द्वारकाबाई, अंगणात वाळत घातलेल्या लाल मिरचीच्या मधोमध बसून देठ खुडत होत्या. हाक मारल्यावर त्यांनी मान वर केली, तेवढ्यात हा फोटो निघाला होता. चेहरा असा की उन्हानं आणि वयानं मिळून निवांतपणे विणलेला.

विचारल्याशिवाय लावणं योग्य नव्हतं, म्हणून ते कारभारींसोबत धावड्याला गेले. द्वारकाबाईंनी फोटो पाहिला आणि केवढा मोठा करणार म्हणून विचारलं. घराएवढा, असं कळल्यावर, मंग घर कशाला बांधलं, असंही विचारलं. पण हरकत घेतली नाही. अट एकच घातली.

"माझ्या खाली कोण्या पुढाऱ्याचं तोंड न्हाई पाहिजे. मी वर आन ते खाली, असं पाप मला नको."

संपतनं बॅनर छापायला घेतला आणि मार्तंडराव परवानगीच्या कचेरीत गेले. सरकारी माणूस दुसऱ्या सरकारी कचेरीत गेला की त्याला वाटतं आपण माहेरी आलो. तिथल्या टेबलावर तातेराव नावाचे गृहस्थ होते, आणि त्यांनी मार्तंडरावांना सासर दाखवलं. अर्जात बॅनरचं कारण लिहायचं होतं आणि त्यासाठी चारच रकाने होते: वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, जाहिरात. तातेरावांनी विचारलं, बाईंचा वाढदिवस आहे का. नाही. कुठे निवडून आल्या का. नाही. मग वारल्या का. मार्तंडराव म्हणाले, बाई ठणठणीत आहेत.

"मंग बॅनर कामून?" तातेराव म्हणाले.

"फोटो चांगला आहे म्हणून."

तातेरावांनी पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत या टेबलावर असं कारण आलेलं नव्हतं. त्यांनी मार्तंडरावांना वाईट वाटणार नाही अशा बेतानं समजावलं की जिवंत माणसाचा, न जन्मलेल्या दिवशी, काही न जिंकता, नुसता चांगला आला म्हणून फोटो लावायची तरतूद नाही. मार्तंडरावांनी 'इतर' असा रकाना का नाही यावर त्यांना थोडं व्याख्यान दिलं. दोघंही कचेरीतली माणसं, त्यामुळे वाद रंगला. शेवटी तातेरावांनीच तोड काढली. फोटोत मिरची आहे ना? मग 'जाहिरात' लिहा, वस्तू मिरची. मार्तंडरावांच्या कलेचा हा अपमान होता, पण शिक्का मिळाला. कलेनं याहून वाईट शिक्के सोसलेले आहेत.

बॅनर लागला त्या संध्याकाळी मार्तंडराव चौकातल्या रसवंतीच्या बाकावर बसून नुसतं पाहत होते. द्वारकाबाई चौकावर उगवल्या होत्या. कपाळावरची एकेक रेघ, कानातल्या कुड्यांचा एकेक मणी, बोटांना लागलेला मिरचीचा रंग आणि भोवती मिरचीनं लालभडक झालेलं अंगण. सहा मेगापिक्सलमधलं एकही वाया गेलेलं नव्हतं. माणसं सायकल थांबवून वर पाहत होती. केशवराव आले, बराच वेळ उभे राहिले, आणि एवढंच म्हणाले की पंधरामध्ये देठसुद्धा वेगळे दिसले असते. देठ वेगळे दिसत होते. मार्तंडरावांनी त्यांना ते बोट करून दाखवले.

इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आपल्याकडे बॅनरवर चेहरा दिसला आणि खाली मजकूर नसला की लोक तो मजकूर आपल्या पदरचा घालतात. सकाळी कोणीतरी बॅनरच्या खांबाला हार बांधून गेलं. दुपारी उदबत्ती लागली. एका सज्जनानं मार्तंडरावांना रस्त्यात गाठून, मातोश्री गेल्याचं कळलं, फार सोसलं त्यांनी, असं म्हणून हात हातात घेतले. मार्तंडरावांची आई चार वर्षांपूर्वीच गेली होती आणि तेव्हा हे सज्जन आले नव्हते. दोन व्यापाऱ्यांनी संपतकडून नंबर घेऊन मिरचीचा भाव विचारला. आणि त्याच आठवड्यात विधानसभेची आचारसंहिता लागली.

आता सगळ्यांना एकदम उलगडा झाला. नाव नाही, पक्ष नाही, नुसता चेहरा! ही नवी चाल होती. द्वारकाबाई अपक्ष उभ्या आहेत, लाल रंग काही उगाच नाही, मागे कोणीतरी मोठा माणूस आहे, असं चौकातल्या हॉटेलात ठरलं. निवडणुकीचं भरारी पथक आलं आणि नियमानुसार त्यांनी द्वारकाबाईंचा चेहरा पांढऱ्या कापडानं झाकून टाकला. मिरची उघडी राहिली. पथकानं कचेरीला कळवलं की आपला एक कर्मचारी उमेदवाराचा प्रचार करत असल्याचं दिसून येतं.

साहेबांनी मार्तंडरावांना बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हते, पण वरून फोन आलेला होता. कारणे दाखवा नोटीस काढावी लागेल, असं त्यांनी दुःखानं सांगितलं, आणि मग थोडं अडखळून पुढे म्हणाले की नोटीस लिहिणारं शाखेत दुसरं कोणी नाही.

तेव्हा मार्तंडरावांनी स्वतःच्या टेबलावर बसून स्वतःलाच नोटीस लिहिली. 'आपण, श्री. मा. ना. आष्टीकर' अशी सुरुवात केली. साहेबांच्या कच्च्या मसुद्यात 'गैरवर्तणूक'मधला 'णू' ऱ्हस्व होता तो दीर्घ केला. सही घेतली, जावक नोंद केली, स्वतःला बजावली आणि पोच दिली. मग दुसरा कागद घेऊन खुलासा लिहायला बसले. खुलाशात त्यांनी पश्चात्तापाचं एकही वाक्य घातलं नाही. सदर महिला उमेदवार नाही, मयत नाही, सदर छायाचित्र उत्तम आहे, एवढंच लिहिलं.

घरीदारी सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: उतरवून टाका. केशवराव म्हणाले, नोकरीची उरलेली वर्षं सुखानं काढा, एका फोटोपायी पेन्शन धोक्यात कोण घालतो. रामरावांनी निरोप पाठवला की माझ्या ओळखीनं प्रकरण मिटवून देतो, पण आधी तो फलक काढा. जेवताना मार्तंडरावांनी अरुंधतीबाईंना विचारलं की तुला काय वाटतं.

"खुलासा मी वाचला," त्या म्हणाल्या. "त्यात एक चूक आहे. 'उत्तम' नाही, 'अत्युत्तम' लिहायला पाहिजे होतं."

इकडे धावड्यात वेगळंच घडलं होतं. परतूरकडे दिलेली द्वारकाबाईंची बहीण दुर्गाबाई, जालन्यातून कोणी हाराची बातमी आणली म्हणून, वेशीपासून रडत आली. दारात पाहते तो बहीण सूप घेऊन बसलेली. आलेलं रडणं मध्येच आवरता येईना, म्हणून गळ्यात पडून ती उरलेलं रडून घेऊ लागली. दिवसभर असे पाहुणे येत राहिले आणि द्वारकाबाईंना स्वतःच्या सुतकाला आलेल्या माणसांचा स्वयंपाक करावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीप करायला लावली.

आठवडी बाजाराचा दिवस होता. कारभारींनी कचेरीत निरोप दिला आणि मार्तंडराव, टेबलावरचं तसंच टाकून, चौकात धावले. जीपमधून द्वारकाबाई, दुर्गाबाई आणि निम्मी भावकी उतरत होती. द्वारकाबाईंनी वर पाहिलं. घराएवढी मिरची, मधोमध त्यांचे हात, हिरवं लुगडं, आणि मानेच्या वर पांढरं कापड.

भरारी पथकही नेमकं तिथेच होतं. पथकप्रमुख मूळचे पशुसंवर्धन खात्यातले. निवडणुकीच्या कामाला जुंपलेले, उन्हानं आणि नियमांनी सारखेच कावलेले. त्यांनी द्वारकाबाईंना नमस्कार करून विचारलं की बाई, आपण कोणत्या पक्षाच्या.

"कोण्याच न्हाई. ही मीच हाये. मी मेले न्हाई आन कुठं उभी बी न्हाई. हे फडकं कामून टाकलं माझ्या तोंडावर?"

पथकप्रमुखांनी समजावलं की आचारसंहितेत चेहरा दिसलेला चालत नाही. लोकांवर परिणाम होतो.

द्वारकाबाई रस्त्याच्या मधोमध, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी जरा मागे घेतला, म्हणजे तोंड नीट दिसावं.

"मंग मलाबी झाका. मला अजून सगळा बाजार हिंडायचाय, हेच तोंड घेऊन. आधी मला झाका, मंग तिला."

पथकप्रमुखांनी हातातल्या नियमपुस्तिकेकडे पाहिलं. त्यात हे नव्हतं. मार्तंडराव पुढे झाले आणि खिशातला परवाना दाखवला. पथकप्रमुखांनी तो दोनदा वाचला, वर मिरचीकडे पाहिलं आणि, कोणत्या कंपनीची मिरची, असं विचारलं. कंपनी कशाला, माझ्या वावरातली, असं द्वारकाबाई म्हणाल्या. त्या माणसाच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी सुटकेचं काहीतरी आलं. त्यांनी टिपणात 'शेतमालाची जाहिरात, राजकीय आशय आढळून आला नाही' असं लिहिलं आणि कापड काढायला हरकत नाही म्हणाले.

कापड काढायला शिडीवर चढणार कोण, यावर चर्चा सुरू व्हायच्या आत मार्तंडराव चढले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, पायात कचेरीचे बूट. खालून केशवराव, उतरा, या वयात हे काय, असं सांगत होते. शिडी हलत होती. रसवंतीवाल्यानं ती धरली. मार्तंडरावांनी एकेक दोरी सोडली आणि कापड खाली भिरकावून दिलं. कचेरीत उद्या काय होईल हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या क्षणी त्यांना त्याची पर्वाही नव्हती.

द्वारकाबाई आपल्याच चेहऱ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळ. घरातला आरसा हाताएवढा, त्यात कधी कपाळ मावे, कधी गाल. सगळं तोंड एकदम असं त्यांनी पाहिलं नसावं. त्यांनी बोटं स्वतःच्या गालावरून, डोळ्याच्या कडेनं फिरवली, आणि वरच्या रेघांशी ताडून पाहिली.

"एवढ्या हायेत व्हय," त्या म्हणाल्या. मग पदर डोक्यावर घेतला. "असू दे. आपल्याच हायेत."

आणि पिशवी घेऊन बाजाराला निघून गेल्या. जाताना ज्यानं त्यानं एकदा वर आणि एकदा त्यांच्याकडे पाहून घेतलं.

कचेरीतलं प्रकरणही बंद झालं. बंद करण्याचा आदेश अर्थातच मार्तंडरावांनाच लिहावा लागला. साहेबांनी 'समज देऊन' असे दोन शब्द घालायला सांगितले. मार्तंडराव म्हणाले की साहेब, समज देण्यासारखं काही घडलेलं नाही, हे शब्द मी लिहिणार नाही. आपण दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या. दुसरं कोणी नव्हतं. साहेबांनी सही केली.

केशवरावांनी एक दिवस कुंपणावरून सांगितलं की आता एकवीस मेगापिक्सल आले आहेत, आणि विचारलं की मग काय ठरलं. ठरलं, मार्तंडराव म्हणाले, हा चालतोय तोवर नवा घेणार नाही. का, तर गरज नाही म्हणून. केशवरावांनी पाईपाची आठवण करून दिली. मार्तंडराव म्हणाले की मला पाईपाचे फोटो काढायचे नाहीत. एवढं सरळ उत्तर गल्लीत कोणी दिलेलं नव्हतं.

निवडणूक पार पडली, आणि एका सकाळी रामराव दारात आले. पांढरा शुभ्र सदरा, केसांना नवा रंग, डोळ्यांवर काळा चष्मा. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती आणि फोटो पाहिजे होता, म्हाताऱ्या बाईचा काढला तसा. नवा कॅमेरा घेतला का, हे त्यांनी विचारलं नाही. मार्तंडरावांनी त्यांना अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं केलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

रामराव चुळबुळले. मग हळूच म्हणाले, "आष्टीकर साहेब, चौकात पाहिलं मी. त्या बाईचं समदंच दिसून राह्यलं. माझं जरा कमी दिसंल, असं काही करता येईल का?"

"नाही," मार्तंडराव म्हणाले. "या कॅमेऱ्यात जेवढं आहे तेवढं येतं."

रामरावांनी काळा चष्मा काढला, सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि डोळे किलकिले करून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.